जादूविद्याशिक्षण, अद्‌भुतरम्य क्रीडांतील

अद्‌भुतरम्य कल्पित विश्वावर आधारलेल्या भूमिकाक्रीडांत आणि तत्संबद्ध साहित्यात पात्रांना जादूविद्या ज्या मार्गांनी प्राप्त होते, त्यांविषयीचे नियम व संकेत. भूमिकाक्रीडा हा खेळाडूंनी एकत्र बसून खेळावयाचा खेळ असून त्यात प्रत्येक खेळाडू एका कल्पित पात्राची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार होऊन त्या विश्वाचे व त्यातील इतर व्यक्तींचे वर्णन करतो. पात्राने योजलेली कृती यशस्वी झाली की नाही, हे फासे टाकून व लिखित नियमांच्या आधारे ठरविले जाते. कथेतील जादूगाराला विद्या कशी आली, हे लेखकाने सांगितले नाही तरी चालते. खेळात मात्र ते सांगावेच लागते. कोणाला विद्या शिकता येईल, ती किती काळात येईल, तिचे मोल काय आणि तिला मर्यादा कोणती, या प्रश्नांची उत्तरे नियमकाराला आकड्यांत द्यावी लागतात. परिणामी ज्ञान म्हणजे काय व त्यावर अधिकार कोणाचा, याविषयीची निरनिराळी मते या नियमांत नकळत उतरलेली आढळतात.

पूर्वपीठिका : जादूविद्येच्या शिक्षणाचे कथाविषय यूरोपीय परंपरेत प्राचीन आहेत. दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक लूशियन याच्या एका संवादात ईजिप्तमधील सिद्धपुरुषाचा मंत्र चोरून ऐकणाऱ्या माणसाची गोष्ट येते. मुसळाला पाणी भरावयास लावण्याचा मंत्र त्याला कळतो. पण ते थांबविण्याचा मंत्र ठाऊक नसल्याने त्याची फजिती होते. जर्मन कवी गटे याने १७९७ मध्ये याच कथेवर एक प्रसिद्ध कथाकाव्य रचले. अर्धवट विद्येचा धोका हा त्याचा आशय होय. आइसलँडमधील लोककथांत विद्वान सेमुंडुर (१०५६–११३३) याने ‘काळ्या शाळे’त विद्या संपादन केल्याचे सांगतात. त्या शाळेतून शेवटी बाहेर पडणारा विद्यार्थी सैतानाचा होत असे व सेमुंडुर युक्तीने निसटला, अशी ती कथा आहे. फाउस्टच्या आख्यायिकेत विद्येसाठी आत्माच गहाण पडतो. गुरूकडून मिळणारी, चोरून घेतलेली आणि कराराने विकत घेतलेली अशी विद्येची तीन रूपे या कथांतून दिसतात. पुढील काळातील क्रीडांनी ती आपापल्या परीने स्वीकारली.

विसाव्या शतकातील अद्‌भुतरम्य साहित्यात यांपेक्षा वेगळ्या कल्पनाही पुढे आल्या. इंग्रज लेखक जॉन रॉनल्ड रूएल टॉल्किन (१८९२–१९७३) याच्या कथाविश्वातील मोजके जादूगार हे मुळात दिव्य योनीतील असून वृद्ध मानवांच्या रूपाने वावरतात. त्यांचे सामर्थ्य त्यांच्या स्वरूपातच असल्याने सामान्य मनुष्याने ते शिकण्याचा प्रश्न तेथे उद्‌भवत नाही. याउलट अमेरिकन लेखिका अर्सुला के. ल ग्विन (१९२९–२०१८) हिने अ विझर्ड ऑफ अर्थसी (१९६८) या कादंबरीत जादूविद्येची रीतसर पाठशाळा उभी केली. तिचा नायक गेड प्रथम गावातील चेटकीण मावशीकडून, नंतर ओगियन या मितभाषी गुरूकडून व अखेरीस रोक बेटावरील नऊ आचार्यांकडून विद्या घेतो. प्रत्येक वस्तूचे एक खरे नाव असते व ते जाणणाऱ्याची त्या वस्तूवर सत्ता चालते, हे तेथील शास्त्राचे सूत्र आहे. म्हणून विद्यार्थ्यांना एका एकाकी मनोऱ्यात राहून नावांच्या याद्या कंठस्थ कराव्या लागतात. विद्येचा वापर केल्याने विश्वाचा समतोल ढळतो व त्याचे उत्तरदायित्व वापरणाऱ्यावर येते, हा विचार तिने शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवला.

व्हॅन्सची कल्पना व पहिले नियम : क्रीडांवर सर्वाधिक प्रभाव मात्र जॅक व्हॅन्स (१९१६–२०१३) या अमेरिकन लेखकाच्या द डाइंग अर्थ (१९५०) या कथासंग्रहाचा पडला. त्यातील पृथ्वी जराजीर्ण झाली असून सूर्य विझत चालला आहे. प्राचीन काळी ज्ञात असलेल्या हजारो मंत्रांपैकी शंभराहून थोडे अधिकच मंत्र आता शिल्लक आहेत. जादूगार पोथीतून मंत्र पाठ करतो. परंतु मंत्र इतके प्रबळ असतात की, मोठ्या प्रयासानेही मेंदूत त्यांपैकी काहीच मावतात. मॅझिरियन नावाच्या जादूगाराला अतिशय प्रबळ मंत्र चार किंवा सौम्य मंत्र सहा, एवढेच धारण करता येतात. मंत्र उच्चारताच तो स्मृतीतून नाहीसा होतो व पुन्हा हवा असल्यास पुन्हा पाठ करावा लागतो. या विद्येचे मूळ गणितात आहे, असेही त्या कथांत सुचविले आहे.

१९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स (१९३८–२००८) व जेफ पेरेन यांनी चेनमेल ही मध्ययुगीन युद्धक्रीडेची नियमावली प्रसिद्ध केली. तिच्या अद्‌भुतरम्य पुरवणीत अग्निगोल व विद्युत्‌पात करणारा जादूगार होता. पण तो फिरत्या तोफेसारखा होता. त्याला विद्या कशी आली, हे विचारण्याचे कारण नव्हते. मिनेसोटा राज्यातील डेव्ह आर्नसन (१९४७–२००९) याने ब्लॅकमूर या कल्पित प्रदेशात खेळ चालवून एकेका पात्राला सातत्य दिले. एका खेळातील अनुभव पुढील खेळात उपयोगी पडू लागला. या दोघांच्या सहकार्यातून विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा येथून १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ तीन पुस्तिकांच्या संचरूपाने बाहेर पडला. त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या १,००० प्रती होत्या. आधुनिक भूमिकाक्रीडेचा आरंभ येथून मानला जातो.

या खेळात योद्धा, जादूगार व धर्मोपासक असे पात्रांचे तीन वर्ग होते. नवख्या जादूगाराला एका मोहिमेत पहिल्या श्रेणीचा एकच मंत्र स्मरणात ठेवता येई. धर्मोपासकाला तर पहिल्या पायरीवर एकही मंत्र मिळत नसे. संपत्ती मिळविल्याने व राक्षसांचा पाडाव केल्याने अनुभवगुण जमत आणि ते पुरेसे झाले की पात्र वरच्या पायरीवर जाई. अग्निगोलासारखे तिसऱ्या श्रेणीचे मंत्र पाचव्या पायरीवर हाती येत. जादूगाराला शस्त्र म्हणून केवळ खंजीर वापरण्याची मुभा होती. आरंभीची दुर्बलता व उत्तरकाळातील प्रचंड सामर्थ्य असा हा विद्याव्यासंगाचा आलेख होता. गायगॅक्सने १९७६ मधील एका लेखात व्हॅन्सचे ऋण मान्य केले व मंत्रशक्तीला आवर घातला नाही, तर इतर पात्रांना खेळात स्थान उरणार नाही, असे कारण दिले. स्मृतीची मर्यादा ही व्हॅन्सच्या कथांत काव्यात्म कल्पना होती. खेळात ती समतोल राखण्याचे साधन झाली.

शिष्यत्व, बुद्धी व खर्च : ग्रेहॉक (१९७५) या पुरवणीने मंत्रांच्या श्रेणी सहावरून नऊपर्यंत वाढविल्या आणि बुद्धीनुसार मंत्र आकलन होण्याची शक्यता टक्केवारीत मांडली. सुधारित खेळाच्या १९७८ मधील खेळाडू-पुस्तिकेत हे कोष्टक अधिक रेखीव झाले. बुद्धी ९ असलेल्या पात्राला एखादा मंत्र समजण्याची शक्यता ३५ टक्के व बुद्धी १८ असलेल्यास ८५ टक्के होती. प्रत्येक श्रेणीतील किती मंत्र आयुष्यात शिकता येतील, याचीही कमाल मर्यादा ठरविलेली होती. एकदा न समजलेला मंत्र पात्राला सहसा कायमचा दुर्लभ होई. १९७९ मधील सूत्रधार-पुस्तिकेने शिक्षणाचे व्यावहारिक अंगही स्पष्ट केले. नवा जादूगार गुरूकडे उमेदवारी करून येतो व त्याच्या पोथीत चार मंत्र असतात : लिपी वाचण्याचा एक आणि आक्रमण, संरक्षण व संकीर्ण या गटांतून प्रत्येकी एक. पुढील पायरी गाठण्यासाठी एक ते चार आठवडे प्रशिक्षण घ्यावे लागे व त्याचा साप्ताहिक खर्च पात्राच्या पायरीला १,५०० सुवर्णमुद्रांनी गुणून येई. अनेक खेळाडूंनी हा नियम जाचक मानून वगळला. तथापि, विद्येसाठी वेळ व पैसा दोन्ही लागतात, ही गोष्ट त्याने ठसविली.

मंत्रसाधनेच्या सामग्रीची कल्पनाही याच सुमारास रूढ झाली. अग्निगोलासाठी वटवाघळाची विष्ठा व गंधक यांची गोळी, तर विद्युत्‌पातासाठी लोकर आणि अंबर अथवा काच यांची कांडी लागे. पहिल्या योजनेत बंदुकीच्या दारूच्या घटकांचा, तर दुसरीत घर्षणविद्युत्‌च्या प्रयोगाचा विनोदी उल्लेख आहे.

पर्यायी पद्धती : डंजन्स अँड ड्रॅगन्समधील नियम कृत्रिम वाटणाऱ्यांनी लवकरच वेगळे मार्ग शोधले. ॲरिझोना राज्यातील ग्रंथपाल केन सेंट आंद्रे याच्या टनल्स अँड ट्रोल्स (१९७५) या खेळात मंत्र विसरला जात नाही. तो उच्चारताना जादूगाराचे शारीरिक बळ खर्ची पडते. विस्मृतीऐवजी थकवा ही मर्यादा आली. विश्रांतीने ती भरून निघते, म्हणून ती अनेकांना अधिक स्वाभाविक वाटली.

रूनक्वेस्ट (१९७८) या खेळाने आणखी पुढचे पाऊल टाकले. स्टीव्ह पेरिन व त्याचे सहकारी यांनी रचलेला हा खेळ ग्रेग स्टॅफर्ड (१९४८–२०१८) याच्या ग्लोरांथा या कल्पित जगावर आधारलेला होता. त्यात जादूगारांचा स्वतंत्र वर्गच नाही. शेतकरी, शिपाई वा व्यापारी, कोणालाही साधे मंत्र शिकता येतात. उच्च कोटीची विद्या मात्र एखाद्या दैवताच्या संप्रदायात दीक्षा घेऊन व आपल्या आत्मबलाचा काही अंश कायमचा अर्पण करूनच मिळते. कौशल्ये वापराने वाढतात : ज्या कौशल्याचा यशस्वी उपयोग झाला, त्यातच प्रगती होण्याची संधी असते. विद्या ही व्यक्तीची मिळकत नसून समाजाच्या उपासनेतून आलेला वारसा आहे, अशी या नियमांमागील धारणा दिसते. गर्प्स (१९८६) या खेळात मंत्र ही इतर कौशल्यांसारखी कौशल्ये ठरली व पुष्कळशा मंत्रांपूर्वी काही प्राथमिक मंत्र आलेच पाहिजेत, असा पाठ्यक्रमासारखा क्रम लावण्यात आला.

विद्वानाच्या जीवनाचे सर्वांत तपशीलवार चित्र आर्स मॅजिका (१९८७) या खेळात आढळते. जोनाथन ट्वीट व मार्क राइन-हेगन यांनी रचलेल्या या खेळाची पार्श्वभूमी तेराव्या शतकातील यूरोप ही आहे. फक्त तेथील दंतकथा खऱ्या मानल्या आहेत. हर्मिसच्या पंथातील जादूगाराला १५ वर्षे शिष्यत्व करावे लागते. विद्येच्या १५ कला असून त्यांपैकी पाच क्रियावाचक व दहा विषयवाचक आहेत. निर्माण करणे, जाणणे, पालटणे, नष्ट करणे व नियमन करणे या पाच क्रिया. तर अग्नी, जल, वायू, भूमी, वनस्पती, प्राणी, देह, मन, प्रतिमा व शक्ती हे दहा विषय होत. त्यांची लॅटिन नावे व्याकरणातील क्रियापद व कर्म यांप्रमाणे जोडून मंत्र सिद्ध होतो. त्यामुळे पाठांतरापेक्षा रचनाशक्तीला महत्त्व आले. काळाची गणना ऋतूंनी केली जाते व एक ऋतू ग्रंथ वाचावा, प्रयोगशाळेत घालवावा की शिष्याला शिकवावे, हा खेळाडूपुढील खरा पेच असतो. ग्रंथालयाची प्रत, आयुष्याची मर्यादा आणि संशोधन व अध्यापन यांतील ओढाताण हे विषय या खेळाने प्रथमच रंजक करून दाखविले.

कल्पित विश्वांची सामाजिक रचनाही विद्येच्या मार्गाशी निगडित असते. मार्गारेट वाइस व ट्रेसी हिकमन यांच्या ड्रॅगनलान्स मालिकेत (१९८४ पासून) जादूगारांचे पांढरे, तांबडे व काळे असे तीन झगेधारी गट आहेत. दीक्षेपूर्वीच्या परीक्षेत उमेदवाराचा मृत्यूही होऊ शकतो. डार्क सन (१९९१) या विश्वात जादूसाठी लागणारी शक्ती वनस्पतींच्या प्राणातून घ्यावी लागते. उतावीळ जादूगारांनी भूमी ओसाड केल्याने तेथे विद्या गुप्तपणे शिकावी लागते. मेज : द असेन्शन (१९९३) या खेळात प्रत्येक जादूगाराची विद्या त्याच्या विश्वासाच्या चौकटीतून घडते, असे मानले आहे.

संगणकीय क्रीडा : संगणकावरील खेळांनी १९८० नंतर हे नियम यांत्रिक स्वरूपात स्वीकारले. विझर्ड्री (१९८१) मध्ये मंत्रांच्या सात श्रेणी होत्या व खेळाडूला मंत्राचे नाव स्वतः टंकित करावे लागे. अल्टिमा ४ (१९८५) मध्ये आठ द्रव्यांच्या मिश्रणांतून मंत्र सिद्ध होत व त्यांपैकी दोन द्रव्ये विकत न मिळता विशिष्ट स्थळी, चंद्रांच्या विशिष्ट कलेला शोधावी लागत. डंजन मास्टर (१९८७) मध्ये चार गटांतील एकूण २४ चिन्हे जोडून मंत्र तयार होत. योग्य जुळणी खेळाडूला ठाऊक असेल, तर पात्राला ती कोणी शिकविण्याची गरज नसे. लूम (१९९०) मध्ये मंत्र चार स्वरांचे असत. अशा खेळांत पात्राबरोबर, किंबहुना पात्राऐवजी, खेळाडूच शिकत असे. त्याने वहीत केलेल्या नोंदी हीच खरी मंत्रपोथी होय.

जपानी खेळांनी बहुधा याहून सुटसुटीत मार्ग पत्करले. ड्रॅगन क्वेस्ट (१९८६) मध्ये पायरी चढताच मंत्र आपोआप येतो. फायनल फँटसी (१९८७) मध्ये तो गावातील दुकानातून विकत घ्यावयाचा असतो. मात्र प्रत्येक श्रेणीतील तीनच मंत्र एका पात्राला राखता येतात. याच मालिकेच्या पाचव्या भागात (१९९२) शत्रूचा मंत्र अंगावर झेलून शिकणारे पात्र आहे. पाश्चात्त्य खेळांपैकी द एल्डर स्क्रोल्स मालिकेच्या डॅगरफॉल (१९९६) या भागात जादूगारांच्या संघाचे सभासदत्व व वापराने वाढणारी कौशल्ये यांचा मेळ आहे. स्कायरिम (२०११) मध्ये ग्रंथ उघडताच मंत्र अवगत होतो व ग्रंथ नाहीसा होतो. येथे अध्ययनाचा काळ शून्यावर आला, असे म्हणता येईल.

उपजत सामर्थ्य की अभ्यास : डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीत (२०००) पोथीपंडित जादूगाराच्या जोडीला एक नवा वर्ग आला. त्याची विद्या जन्मजात असून तो पोथी वापरीत नाही. त्याचे मंत्र थोडे असतात. पण ते आधी पाठ करण्याची गरज नसते. बुद्धीऐवजी व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव हा त्याचा आधार होय. २००४ मध्ये कराराने सामर्थ्य मिळविणारा वर्गही पुरवणीरूपाने दाखल झाला. पाचव्या आवृत्तीत (२०१४) पंडित जादूगारालाही साधे मंत्र हवे तितक्या वेळा वापरता येऊ लागले व इतर मंत्रही उच्चारानंतर विसरले जाण्याचा नियम शिथिल झाला. अशा रीतीने व्हॅन्सच्या कल्पनेचा सांगाडा राहिला. पण तिचा गाभा पातळ झाला.

या बदलात एक मूलभूत प्रश्न गुंतलेला आहे. विद्या अभ्यासाने साध्य असेल, तर ती तत्त्वतः सर्वांना खुली असते. ती रक्तात असेल, तर समाजाचे जन्मावरूनच दोन भाग पडतात. जे. के. रोलिंग हिच्या हॅरी पॉटर मालिकेत (१९९७–२००७) या दोहोंचा संयोग आहे : सामर्थ्य उपजत असते, पण ते शाळेत सात वर्षे घडवावे लागते. त्या मालिकेतील मुख्य संघर्षही वंशशुद्धीच्या कल्पनेभोवती फिरतो. ल ग्विनच्या पहिल्या कादंबरीत रोकची पाठशाळा केवळ पुरुषांसाठी असून स्त्रियांची विद्या हीन समजली जाते. हा दोष ओळखून तिने तेहानू (१९९०) व टेल्स फ्रॉम अर्थसी (२००१) या पुस्तकांत त्याची फेरमांडणी केली आणि पाठशाळेच्या संस्थापकांत स्त्रियाही होत्या, हा विसरविला गेलेला इतिहास उघड केला. एका लेखिकेने स्वतः निर्मिलेल्या विश्वातील प्रवेशाचा नियम असा तपासून पाहणे, हे या साहित्यातील महत्त्वाचे उदाहरण होय.

आक्षेप : अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात या खेळांवर तीव्र टीका झाली. ते मुलांना प्रत्यक्ष अभिचारविद्या शिकवितात, असा आरोप काही धार्मिक गटांनी केला. पॅट्रिशिया पुलिंग हिने १९८३ मध्ये त्यांच्या विरोधात संघटना स्थापन केली व जॅक चिक याने १९८४ मध्ये याच आशयाची चित्रपुस्तिका काढली. क्रीडालेखक मायकेल स्टॅकपोल याने १९९० मध्ये या आरोपांचे सविस्तर खंडन केले. नियमपुस्तिकांत मंत्राचा पल्ला, कालावधी, प्रभावक्षेत्र व परिणाम एवढेच दिलेले असते. उच्चारावयाचे शब्द मुळीच नसतात. पात्र जी विद्या शिकते, ती खेळाडूला शिकता येण्याजोगी नसतेच. तथापि, या वादाचा परिणाम खेळांवर झाला. १९८९ मधील दुसऱ्या आवृत्तीतून पिशाच व सैतान यांचे उल्लेख काही काळ गाळण्यात आले.

मूल्यमापन : अमेरिकन कादंबरीकार ब्रँडन सँडरसन याने २००७ मध्ये असे प्रतिपादन केले की, वाचकाला जादूचे नियम जितके स्पष्ट कळलेले असतात, तितकाच तिचा उपयोग कथेतील संकट सोडविण्यासाठी समाधानकारक रीतीने करता येतो. क्रीडांतील अर्धशतकाचा अनुभव याला पुष्टी देतो. परंतु नियम जितके रेखीव, तितके विद्येचे गूढ कमी होते, ही त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शिक्षण सुलभ केले की खेळ वेगवान होतो व विद्येचे मोल घटते. ते दुष्कर केले की विद्येला वजन येते, पण नवख्या खेळाडूचा धीर सुटतो. स्मृती, श्रम, दीक्षा, द्रव्य, करार व जन्म या सहा मार्गांपैकी एकही सर्वस्वी समाधानकारक ठरलेला नाही आणि एकही पूर्णतः टाकून देण्यात आलेला नाही. प्रत्येक मार्ग कोणाला तरी विद्येच्या दाराबाहेर ठेवतो. तो कोणाला व का बाहेर ठेवतो, यावरून त्या कल्पित समाजाची आणि बऱ्याच अंशी त्याच्या निर्मात्यांची ज्ञानविषयक दृष्टी पारखता येते.